आठवं होल कुणाचं

आपल्या अंकाच्या संपादिकाबाईंनी फोनवर विचारलं, काका, तुम्ही इतकी वर्षं गोल्फमध्ये होतात म्हणे, मग खेळायचात का? मी म्हटलं, नाही, आयुष्यात एक चेंडू मारला आणि तो सापडला नाही. मग करायचात काय, हा त्यांचा पुढचा प्रश्न. हा प्रश्न देवासमध्ये मला जन्मभर विचारला गेलाय. माझे सासरे तर शेवटपर्यंत लोकांना सांगत की जावईबापू बागखात्यात आहेत. पहिली काही वर्षं मी त्यांना दुरुस्त करत असे, नंतर सोडून दिलं.

तर एकदाचं सांगून टाकतो. गोल्फचं मैदान हे क्रिकेटसारखं एकच मैदान नसतं. त्याचे अठरा तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याला होल म्हणतात. होल म्हणजे चेंडू पडायचं नुसतं भोक नव्हे. पहिला टोला जिथून मारायचा तिथपासून त्या भोकापर्यंतची चारशे-पाचशे पावलांची सगळी वाट म्हणजे एक होल. मधे कापलेल्या गवताचा पट्टा, कडेला वाळूचे खड्डे, कुठे पाणी, आणि शेवटी अगदी बारीक गवताचा एक तुकडा, त्याला ग्रीन म्हणतात. हे सगळं कागदावर काढतो तो आर्किटेक्ट. आणि तो कागद हातात धरून, उन्हात उभं राहून, डोझरवाल्याला इथं वीतभर उचल, तिथं चार बोटं उतर असं सांगत जो जमिनीला तो आकार देतो, तो शेपर. मी शेपर होतो. त्याआधी ड्राफ्ट्समन होतो, म्हणजे दुसऱ्यानं काढलेल्या रेघा नीट करून काढणारा. खरं म्हणजे शेवटपर्यंत तेच होतो, पण ते पुढं येईलच.

देवासच्या माणसाला दुसऱ्याचं बघून तसंच करण्याचं नवल वाटू नये. आमच्या गावात एकेकाळी दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या बाजूला एक सरकार, त्या बाजूला दुसरं. माझे वडील धाकट्या पातीच्या बांधकामखात्यात ओव्हरसियर होते. ते सांगत, एकीकडे काही बांधलं की दुसरीकडेही तसंच हवं, फक्त हातभर उंच. टेकडीवर देवीही दोन, थोरली आणि धाकटी. आणि आता तर गावात नोटा छापतात. तिथं एक नोट दुसरीपेक्षा वेगळी निघाली तर कुणी तिला कलाकृती म्हणत नाही.

मला या धंद्यात आणलं बत्रासाहेबांनी. दिल्लीकडचे आर्किटेक्ट. देवासच्या एका कारखान्याच्या पाहुणेघराची बाग आखायला आले होते, तिथं माझं ड्रॉइंग त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, चलो मेरे साथ. मी गेलो. माणूस गोड, बोलका, खेळाडू चांगला, आणि आळशी. त्यांच्या ऑफिसात एक लांबलचक लाकडी खण होता, त्यात त्यांनी तोवर काढलेली सगळी होल्स ट्रेसिंग पेपरवर ठेवलेली होती. नवीन काम आलं की नवीन जमिनीचा नकाशा टेबलावर पसरायचा आणि खणातून एकेक होल काढून त्यावर ठेवून बघायचं. बसलं तर बसलं. नाही बसलं तर बत्रासाहेब पेन्सिलीनं कानामागं खाजवत म्हणायचे, "पलट दो."

ट्रेसिंग पेपर आरपार दिसतो. तो पालथा केला की उजवीकडचं डावीकडे जातं, आणि एक नवं होल तयार होतं. कुणी ओळखत नाही. माणसाचा चेहरा आरशात उलटा दिसला तरी ओळखू येतो, जमिनीचा येत नाही. हे मी माझ्या अनुभवावरून सांगतो आणि त्याची किंमतही मीच मोजली आहे. पुढं कॉम्प्युटर आला, खण गेला, पण पद्धत तीच राहिली. उलट सोपं झालं, एक बटण दाबलं की होल पालथं.

यातून गमती व्हायच्या. राजस्थानातल्या एका मैदानावर चौथं आणि अकरावं होल एकमेकांची उलटी आवृत्ती होती आणि दुर्दैवानं शेजारी-शेजारी आली. एक वयस्कर सभासद कॅडीवर, म्हणजे पिशवी उचलणाऱ्या माणसावर, भडकले की तू मला एकाच होलवरून दोनदा फिरवतोस. कॅडीनं बिचाऱ्यानं माफी मागितली. मी पलीकडं खुंट्या ठोकत होतो, ठोकतच राहिलो. हसून ती गोष्ट आम्ही ऑफिसात कितीतरी दिवस सांगत होतो. आता सांगताना हसू येत नाही.

शेपरला कागदाबाहेर जायची मुभा नसते. पण जमीन रोज पायाखाली असल्यावर माणसाला कळायला लागतं की इथं हे होल बसवायचं म्हणजे एकाच्या अंगावर दुसऱ्याचा अंगरखा चढवण्यासारखं आहे. एखाद्या टेकाडाला काही वेगळं सांगायचं होतं. ते टेकाड मी सपाट केलं. असं सव्वीस-सत्तावीस वर्षं केलं. बायकामुलांना देवासला ठेवून निरनिराळ्या राज्यांत तीच तीच अठरा होल्स बांधत हिंडलो. पन्नाशी उलटल्यावर एक गोष्ट मनात घर करून बसली की मरायच्या आधी एक होल तरी असं हवं, जे जगात दुसरीकडं कुठं नाही. एकच. अठराही नकोत.

ती संधी धारला आली. धारहून पुढं मांडूच्या दिशेनं एका सेठजींनी बंगल्यांची वसाहत काढली आणि तिच्या मधोमध गोल्फ. सेठजींचा धंदा सोयाबीनच्या तेलाचा, गोल्फ त्यांनी परदेशी सहलीत पाहिलं होतं. जमीन म्हणजे जुनं बीड. माळव्यात राखलेल्या गवताच्या रानाला बीड म्हणतात, आपण ज्याला कुरण म्हणतो ते. संस्थानाच्या घोड्यांना तिथलं गवत जायचं. वर मुरूम, खाली खडक, मधून एक नाला, आणि पळसाची झाडं, तिकडे त्यांना खाखरा म्हणतात. जमिनीला इतके सुंदर चढउतार की मी पहिल्या दिवशी नुसताच चालत राहिलो, खुंट्यांची पिशवी जीपमध्येच राहिली.

मग दिल्लीहून ड्रॉइंग आलं. अठरातली अकरा होल्स मी तिथल्या तिथं ओळखली, काही सरळ, काही पालथी. चौदाव्याच्या कडेला कुणीतरी पुसायला विसरलेला एक शब्द होता, समुद्र. धारमध्ये साडेबारा तलाव आहेत असं म्हणतात, पण समुद्राची कुणी अजून मागणी केलेली नाही. मी सेठजींना ते दाखवलं. वाटलं, चिडतील. ते शांतपणे म्हणाले, "भिया, समंदर रेने दो, अपने को तो वो टापूवाला चइये." चारी बाजूंनी पाणी आणि मधे ग्रीन, असं एक होल जगभर सगळ्यांनी करून ठेवलंय, ते त्यांना हवं होतं. ओळखीच्या सगळ्यांकडे आहे, म्हणून हवं होतं.

त्या बिडाचा राखणदार होता भेरूलाल. त्याचा बाप आणि आजाही तिथलेच राखणदार. साठीचा, काटक, कमी बोलणारा. पावसाळ्यात काम बंद असताना मी महिनाभर त्याच्यामागून रान हिंडलो. त्यानं मला गवतावरून जमीन वाचायला शिकवलं. इथलं गवत आखूड, म्हणजे खाली दगड. इथलं गडद, म्हणजे पाणी मुरतं. गुरं चढ कुठून चढतात ते बघा, तीच सोपी वाट. एक दिवस तो मला आठव्या होलच्या जागेवर घेऊन गेला. समोर लांब उतार, उजव्या हाताला नाला, तो सरळ खाली जाऊन एका उंचवट्याच्या मागून वळसा घालून जायचा. उंचवट्यावर पाच-सात खाखरे. मी बघत राहिलो. होल तिथं तयारच होतं. मला फक्त गवत कापायचं होतं.

त्या एका होलसाठी मी भांडलो. बत्रासाहेबांना फोनवर सांगितलं की सतरा तुमची बांधतो, सेठजींना टापूही देतो, पण आठवं कागदावरून बांधणार नाही, जागेवरून बांधीन. नाहीतर माझा राजीनामा घ्या. मुलीचं लग्न ठरलं होतं, राजीनामा देण्यासारखी परिस्थिती अजिबात नव्हती. घरी हिला सांगितलंही नव्हतं. बत्रासाहेब म्हणाले, ठीक आहे, एक तुझं.

पांढऱ्या फक्कीनं मी जमिनीवर आखणी केली. आणि इथं ती गोष्ट घडली, जी मला तेव्हा कळली नाही. आखलेलं होल मी वरून बघितलं आणि मला ते अपुरं वाटलं. ग्रीन फार मागं वाटलं. नाला मागून जातो त्यात मजा नाही, तो ग्रीनच्या समोरून तिरपा जायला हवा, म्हणजे खेळणाऱ्याला तो ओलांडावा लागेल, असं वाटलं. का वाटलं ते सांगता आलं नसतं. डोळ्याला तसं बरं वाटत होतं. शेपरचा डोळा म्हणजे त्याची कमाई, त्याचं ऐकायचं नाही तर कुणाचं ऐकायचं? मी ग्रीन पुढं, थेट नाल्याच्या पात्रावर ओढलं, तिरपं केलं, उंचवटा अर्धा कापला. खाखरे गेले. मशीन लावून नाला वळवला, त्याला ग्रीनसमोर कोपरासारखा बाक दिला. भेरूलाल कडेला उभा होता. तो एवढंच म्हणाला, "बाबूजी, पाणी अपणो रस्तो नी भूले." मी त्याला म्हटलं, बघच तू. ज्या माणसानं मला ती जागा दाखवली, त्याच्या डोळ्यांदेखत मी ती पुसली, आणि वर त्यालाच शिकवत होतो.

गवत आल्यावर होल देखणं दिसायला लागलं. बत्रासाहेब पाहायला आले. सतरा होल्स त्यांनी गाडीत बसून पाहिली, आठव्यापाशी उतरले. बराच वेळ उभे राहिले, पेन्सिलीनं कानामागं खाजवलं, आणि म्हणाले, "अच्छा है. देखा-देखा लगता है."

आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही. चांगलं होल म्हणजे ते कुणी बांधलंय असं वाटू नये, जमिनीबरोबरच जन्मलं असं वाटावं. मी तोच अर्थ घेतला. घरी येऊन हिला सांगितलं, व्याह्यांना सांगितलं, मराठी समाजाच्या गणपतीत माझा सत्कार झाला तेव्हा भाषणातही सांगितलं, बत्रासाहेब म्हणाले देखा-देखा लगता है. टाळ्या पडल्या होत्या.

पहिल्याच पावसाळ्यात भेरूलालचा फोन आला. म्हणाला, "बाबूजी, नालो घरे आईग्यो." नाला घरी परत आला होता. बाक सोडून तो ग्रीनवरूनच सरळ आपल्या जुन्या वाटेनं गेला होता, वाळू, गवत, खालची खडी सगळं घेऊन. आम्ही परत बांधलं. पुढच्या वर्षी परत गेला. मी निवृत्त झालो, तरी दर भाद्रपदात मला ती बातमी कळायची आणि मी इथून फोनवर सल्ले द्यायचो, दगडाची भिंत घाला, तारेची जाळी घाला. यंदा सेठजींच्या मुलानं ठरवलं की ही ब्याद नको, आठवं होल मोडायचं आणि तिथं दुसरंच काही करायचं. नाल्याला त्याच्या वाटेनं जाऊ द्यायचं.

हे कळलं तेव्हा मला दोन रात्री झोप नाही. मी त्यांना चार पानी पत्र लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं हिंदी त्या पत्रात आहे. लिहिलं की तुमच्या मैदानावर सतरा नकला आहेत आणि एकच अस्सल आहे, नक्कल ठेवून अस्सल मोडू नका. पत्राचा उपयोग झाला. तिथल्या मॅनेजरचा फोन आला, की तुमच्या ओरिजिनल डिझाइनचा मान राखून आठवं जसंच्या तसं पुन्हा बांधायचं ठरलं, नाल्याला यावेळी काँक्रीटची भिंत घालू, दिवाळीनंतर मशीन लागेल. मी देव्हाऱ्यासमोर साखर ठेवली.

आणि तेवढ्यात संपादिकाबाईंचा हा लेखाचा निरोप आला. म्हणाल्या, सोबत एखादं चित्र द्या ना, तुमच्या कामाचं. मला सुचलं, दोन द्यावीत, मी घडवलेलं पहिलं होल आणि शेवटचं. पहिलं म्हणजे कर्नाटकात कॉफीच्या डोंगरात बांधलेलं बारावं, बत्रासाहेबांच्या खणातलं. त्याचं ट्रेसिंग मी आठवण म्हणून ठेवलं होतं. आठव्याचं पक्कं ड्रॉइंग कधी झालंच नव्हतं, पण बांधून झाल्यावर मी त्याची बाह्यरेषा ट्रेसिंगवर उतरवून घेतली होती. दोन्ही गुंडाळ्या पत्र्याच्या नळकांड्यातून काढल्या. कागद वळलेले होते, सरळ राहीनात, म्हणून हिला म्हटलं, जरा खिडकीच्या काचेवर धरतेस का. तिनं दोन्ही एकावर एक धरले. वरचा कागद गुंडाळीतून निघताना पालथा आला होता.

हिला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही. ती म्हणाली, "अहो, हे एकाच चित्राचे दोन कागद आहेत ना?"

मी जवळ गेलो. बाक बाकावर बसला होता. ग्रीनचा तिरपेपणा, समोरचे दोन वाळूचे खड्डे, उताराचं वळण, सगळं बोटभरही इकडंतिकडं नाही. कर्नाटकात घळ डावीकडे होती, धारला नाला उजवीकडे, एवढाच फरक. मी काही ठरवून केलं नव्हतं, हे मी देवाशपथ सांगतो. पण त्याला काय अर्थ आहे? बत्रासाहेब निदान कागद पालथा करताना बघून करायचे. मी तो डोक्यात पालथा केला आणि स्वतःलाही पत्ता लागू दिला नाही. ते बारावं तरी बत्रासाहेबांचं होतं की त्यांनी कुणाच्या खणातून आणलं होतं, देव जाणे. आणि देखा-देखा म्हणजे काय, ते मला त्या खिडकीत कळलं. त्या माणसानं शब्दाला शब्द खरं सांगितलं होतं. पाहिलेलं वाटतं. मी त्यावर स्वतःचा सत्कार करून घेतला.

खोट्याहून वाईट हे, की तिथं एक अस्सल होल होतं. भेरूलालनं मला हाताला धरून त्याच्यापुढं उभं केलं होतं. जगात दुसरीकडं कुठंच नसलेलं. ते मी मोडलं, कारण माझ्या डोळ्याला ते ओळखीचं वाटलं नाही.

हिनं कागद गुंडाळून ठेवले. मी दुसऱ्या दिवशी धारला फोन लावला. मॅनेजर चांगला मुलगा आहे, धारचाच, मराठी घरातला, पण बोलतो हिंदी. मी त्याला सगळं सांगितलं. ते होल माझं नाही, कर्नाटकातल्या एका जुन्या होलची नक्कल आहे, माझं पत्र फाडून टाका, नाल्याला त्याच्या वाटेनं जाऊ द्या, मागं खाखरे लावा, भेरूलालला विचारा कुठं लावायचे.  तो मधे मधे जी सर, जी सर म्हणत होता. मला वाटलं, पोचलं.

मग तो म्हणाला, "सर, कॉपी है तो क्या हुआ, मेंबरों को पसंद है. अब तो बजट भी पास हो गया." आणि मग त्यानं विचारलं, त्या कर्नाटकच्या ड्रॉइंगवर लेव्हल, म्हणजे जमिनीच्या उंचीचे आकडे, आहेत का? मी म्हटलं, आहेत, सगळ्या आहेत. ते ऐकून त्याला हायसं वाटलं. आठव्याची पक्की लेव्हल त्यांच्याकडं कुणाकडंच नव्हती, आता नव्यानं मोजणी करायला नको. म्हणाला, तेच पाठवून द्या.

भेरूलाल आता त्या वसाहतीच्या फाटकावर टोपी घालून बसतो. त्यालाही फोन करावा असं दोनदा मनात आलं. काय सांगणार होतो?

संपादिकाबाईंना मी चित्र पाठवलेलं नाही, त्यांनी राग मानू नये. धारला पाठवलं. नाही म्हणता आलं असतं. मी पाठवलं नसतं तर त्यांनी दिल्लीहून दुसरं कुठलं मागवलं असतं, असं मी स्वतःला समजावलं, आणि मुलाकडून फोटो काढून घेऊन कर्नाटकचा तो कागद धाडला. अर्ध्या तासात मॅनेजरचा निरोप आला, सर, इसमें नाला दूसरी साइड है, क्या करें?

मी चष्मा लावला आणि उत्तर लिहिलं : पलट दो.